पाणी उतरायला लागणारा वेळ

माझं काम बसायचं होतं. नेमणुकीच्या पत्रात 'क्षेत्र सहाय्यक, कंत्राटी' असं लिहिलं होतं. भावानं पुण्याहून फोनवर विचारलं, "म्हणजे नक्की काय करतेस तू?" मी सांगितलं, जमिनीत लोखंडाची कडी ठोकायची, त्यात पाणी ओतायचं आणि ते किती वेगानं खाली जातंय ते बघत बसायचं. तो हसला. "आणि यासाठी बी.एस्सी. लागते?" म्हणाला. मग त्याला मीटिंगचा फोन आला.

कडी दोन असायची. एक परातीएवढं मोठं आणि दुसरं त्याच्या आत बसेल असं लहान. दोन्हींना बूड नाही. वर फळी ठेवून घणानं ती वीतभर आत ठोकायची आणि दोन्हींत पाणी भरायचं. बाहेरच्या कड्यातलं पाणी आजूबाजूला पसरतं, त्यामुळं आतल्याला सरळ खालीच जावं लागतं. आतल्या कड्यात पट्टी उभी करायची आणि पाणी कितीवर आलं ते लिहायचं. आधी दर पाच मिनिटांनी, मग दहा, मग अर्ध्या तासानं. पाणी घटलं की पुन्हा भरायचं. एका जागेला चार तास लागायचे, कधी पाच. मध्ये उठून जाता येत नाही. पुस्तक वाचावं तर वेळ चुकते. फोनवर बोलावं तर कुणाशी, हा प्रश्न होता.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आई गेली होती. सोलापुरात एका शाळेत ती शिपाई होती. वडील आधीच गेलेले. दोन खोल्यांच्या घरात मी एकटी उरले. पहिले काही दिवस गल्लीतल्या बायका येऊन बसायच्या, पौर्णिमेला हाताला धरून विहारात न्यायच्या. मग ज्याचं त्याचं सुरू झालं. त्यांचं काही चुकलं नाही. मी संध्याकाळी कुलूप काढायची आणि आतून "आलीस का?" असं कुणी विचारायचं नाही, एवढंच. बाहेरगावी राहावं लागेल असं मुलाखतीत सांगितलं, तेव्हा शेजारी बसलेल्या मुलींचे चेहरे उतरले. मला सुटल्यासारखं झालं.

सुरुवातीचं काम शहराजवळच्याच कोरडवाहू काळ्या रानात होतं. मे महिना. जमिनीला अशा भेगा पडलेल्या, की माझा हात कोपरापर्यंत आत जायचा. पहिल्याच दिवशी दोन कॅन पाणी कड्यात ओतलं आणि ते गडप झालं. पट्टी लावायलाही सवड मिळाली नाही. विहीर लांब होती. पुन्हा दोन कॅन आणले, तेही गेले. तिसऱ्या खेपेला पाणी जरा थबकलं. चौथ्या खेपेला ते कड्यात उभं राहिलं आणि दुपार कलेपर्यंत जवळजवळ हललंच नाही. काळ्या मातीचं असंच असतं. कोरडी असते तेव्हा भेगांतून एका दमात सगळं पिते. ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि मग वरचं पाणी वरच राहतं. हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. पण डोक्यावर ऊन घेऊन चार खेपा केल्या तेव्हा ते मला समजलं. पहिल्या तीन खेपा वहीत आल्याच नाहीत, कारण त्या मोजता आल्या नव्हत्या.

पावसाळा कार्यालयात मातीचे नमुने चाळण्यात गेला. दिवाळीनंतर बागायती पट्ट्याचं काम निघालं आणि मी करकंबला खोली घेतली. एका दुकानाच्या वर, स्वतंत्र जिना. घरमालकीण बोलकी होती. पहिल्या आठवड्यात तिनं दोनदा भाकरी आणि शेंगाची चटणी वर पाठवली. तिसऱ्यांदा स्वतःच ताट घेऊन आली. तेव्हा मी भिंतीवर आईचा फोटो आणि बुद्धाची लहान तसबीर लावत होते. तिनं तसबिरीकडं पाहिलं, ताट ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "खिळा सावकाश ठोका, भिंत नवी हाय." त्यानंतर ताट आलं नाही. जिन्यात भेटली की हसायची, पाणी आलं की वर हाक मारून सांगायची. पण ताट आलं नाही. मी रोज संध्याकाळी खिचडी टाकायची आणि ती पातेल्यातूनच खायची.

रविवारी सोलापूरला जायची, तेही हळूहळू बंद केलं. घरी जाऊन कुलूप काढायचं, झाडायचं आणि पुन्हा कुलूप लावायचं. त्यासाठी दोन एस.टी. बदलायच्या. नकोसं वाटायचं.

डिसेंबरात एका सकाळी मी श्रीपूरच्या अलीकडच्या एका वस्तीवर गेले. यादीत त्या शेताचा गट नंबर होता. कारखान्याचा हंगाम भरात होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि हवेत मळीचा आंबूस वास. वस्तीवर एक वयस्कर गृहस्थ विळ्याला धार लावत बसले होते. सत्तरीचे असतील. उंच, वाळलेले, खांद्यावर टॉवेल. घरात दुसरं कुणी दिसेना. मी स्कूटीवरून कडी उतरवायला लागले तसे ते उठून आले.

"हे काय करायलाव?"

"जमिनीत पाणी कसं मुरतंय ते बघायचंय, काका."

"मुरत न्हाय," ते म्हणाले. "बगायचं काय त्यात?"

आणि मला घेऊन रानाच्या खालच्या कोपऱ्यात गेले. तिथला ऊस कमरेएवढाच होता, पानं पिवळी. सरीत जुन्या पाण्याचं डबकं आणि कडेनं मातीवर पांढरी खार फुटलेली. त्यांनी टाचेनं माती दाबली. ती दबली नाही, नुसती चकाकली. अशा जमिनीला इकडं चोपण म्हणतात.

"कालव्याचं पानी आलं तवा हितं सगळ्यात चांगला ऊस यायचा," ते म्हणाले. "आता पानी दिलं की आठ-आठ दिस हुबं ऱ्हातंय. ठोका तुमचं कडं."

त्यांनीही घणाला हात लावला तेव्हा कुठं कडी बसली. पाणी भरलं, वेळ लिहिली आणि बांधावर बसले. माझी समजूत होती की ते आता आपल्या कामाला जातील. ते समोरच्या बांधावर बसले.

"हाललं का?" त्यांनी अर्ध्या तासानं विचारलं.

"नाही."

पुन्हा अर्ध्या तासानं, "आता?"

"नाही अजून."

"म्या काय म्हनलं?" ते म्हणाले. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद मात्र त्यांच्या तोंडावर दिसला नाही.

चार तासांत पाणी सूतभर उतरलं, आणि त्यातलंही थोडं उन्हानंच नेलं असणार. मध्ये कधीतरी त्यांनी विचारलं, "सोलापुरात कुटं ऱ्हाता?" मी वस्तीचं नाव सांगितलं. तरुणपणी ते शेंगा घेऊन सोलापूरच्या बाजारात जायचे, शहर त्यांना माहीत होतं. त्यांना काय कळायचं ते कळलं. ते उठले आणि घराकडं गेले. मी घड्याळ बघून आकडा लिहिला. ते परत येणार नाहीत असं मी धरून चालले होते. असं धरून चालायची सवय लागते.

ते परत आले ते पातेलं घेऊन. पातेल्यात चहा आणि दुसऱ्या हातात एक कप.

"कप एकच हाय," ते म्हणाले. "दुसरा फुटला, मग कुनी आनला न्हाय." कप मला दिला आणि स्वतः पातेल्यालाच तोंड लावलं. चहा फार गोड होता.

दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाची जागा केली. तिथं पाणी बऱ्यापैकी गेलं. काम दोन वाजताच संपलं. कॅनमध्ये पाणी शिल्लक होतं आणि खरं सांगायचं तर मला खोलीवर जायचं नव्हतं. गोठ्यामागं, शेताच्याच कडेला, दहा-बारा पावलांची एक पट्टी होती. तिच्यावर शेवग्याचं एक झाड, वाळलेले घेवड्याचे वेल आणि गवत. मी म्हणाले, "तिथंही एकदा बघू का?"

"बगा की. तितं तर काय पिकत बी न्हाय आता."

कडं ठोकतानाच फरक जाणवला. खाली दोन माणसांचा जोर लागला होता, इथं मी एकटीनं ते बसवलं. पाणी ओतलं, आणि पाच मिनिटांत बोटाचं पेर उतरलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेवढंच. काका जवळ येऊन उकिडवे बसले.

"खाली घुशीचं बीळ असंल."

मलाही तेच वाटलं. कडी उपसली आणि चार हात पलीकडं ठोकली. तेच झालं. तिसऱ्या जागीही तेच. पाणी धावत नव्हतं. एकसारखं, शांतपणे खाली जात होतं. काळ्या रानातल्या भेगांनी पाणी गिळलं होतं, तसं हे नव्हतं. दीड तास झाला तरी वेग फारसा कमी झाला नाही.

"इथं काय होतं, काका?"

"आमच्या मंडळीची जागा. गोठ्यातलं शेन-कचरा हितं टाकायची, पाचट पुरायची. घेवडा लावायची, दोडकं लावायची. हितं कुनाला नांगर घालू दिला न्हाय तिनं. बैल बी येऊ द्यायची न्हाय." मग म्हणाले, "चार वरसं झाली आता जाऊन."

पुढचा रविवार मोकळा होता. शनिवारी संध्याकाळी मी दोन काचेचे ग्लास पिशवीत टाकले आणि सकाळी काही काम नसताना वस्तीवर गेले. काकांनी "आज सुट्टी न्हाय का?" असं विचारलं. मी म्हणाले, एक दाखवायचंय.

दोन्ही ग्लासांत पाणी घेतलं. खालच्या कोपऱ्यातलं एक सुकं ढेकूळ एकात सोडलं, गोठ्यामागचं दुसऱ्यात. आम्ही ओट्यावर बसून बघत राहिलो. कोपऱ्यातलं ढेकूळ बघता बघता कडांनी सुटायला लागलं. त्याच्यातून दुधाळ धूर निघाल्यासारखं झालं आणि ग्लासातलं पाणी गढूळ झालं. दुसरं ढेकूळ फुटलं, त्याचे ज्वारीच्या दाण्याएवढे कण झाले, पण ते कण तसेच राहिले आणि वरचं पाणी नितळ.

"माती दोन्हीकडं एकच आहे, काका," मी म्हणाले. "तुमच्या बाईंनी दुसरीकडून आणलेली नाही. पण या मातीचे कण एकमेकांना धरून आहेत. त्यांच्यामधून पाण्याला वाट आहे, मुळांना वाट आहे. त्या मातीत खार झाली, ती पाण्यात पीठ होते. पीठ जाऊन वाटा बुजवतं."

त्यांनी गढूळ ग्लास उचलून उन्हात धरला. कितीतरी वेळ. तासाभरानंही ते पाणी निवळलं नव्हतं.

मग आम्ही खालच्या कोपऱ्यात खड्डा खणला. त्यांनी टिकाव मारायचा, मी खोऱ्यानं माती ओढायची. फूटभर गेल्यावर टिकाव ठणकन उडाला. तिथं तव्यासारखा कठीण थर होता. उसाची मुळं तिथपर्यंत सरळ आली होती आणि मग वळून चटईसारखी आडवी पसरली होती. मी थर फोडून दाखवला. त्याच्याखाली माती कोरडी होती. वर आठ दिवस पाणी उभं आणि खाली माती कोरडी.

"हा थर मुळातला नाही," मी म्हणाले. "ओल्या रानात जड गाडी फिरली की असं होतं."

काका टिकाव टेकून उभे राहिले. माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

"ऊसतोड आली त्या वरसी अवकाळी पाऊस झाला हुता. ती म्हनाली, वाफसा येऊ द्या, रान जरा सुकू द्या, दोन दिस थांबा. म्या म्हनलं, टोळी निगून गेली तर ऊस काय चुलीत घालू? भरलेल्या ट्रॉल्या हितनंच काडल्या. चाकं हितपत्तुर रुतली." त्यांनी गुडघ्याखाली हात लावला. "दोन ट्रॅक्टर लावून वडल्या. ती बांधावर हुबी राहून बगत हुती. म्या तिला समद्यांम्होरं बोललो. घरात जा म्हनलं, तुला काय कळतंय."

मी खोऱ्यानं सुटी माती कडेला ओढली.

"तिनं फुडं कदी इषय काडला न्हाय," ते म्हणाले. "काडला असता तर बरं झालं असतं."

त्यानंतर मी बहुतेक रविवारी जायची. जाण्याचं कारण मी स्वतःलाच सांगायची, कधी नमुना राहिला होता म्हणून, कधी खड्ड्याचा फोटो काढायचा म्हणून. ते कारण विचारायचे नाहीत. आम्ही फार बोलायचोही नाही. ते कांदा फोडायचे, मी भाकरी करायची. माझ्या भाकरीला पापुद्रा सुटत नसे, तरी खायचे. 'मॅडम'चं कधी 'पोरी' झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत करकंबला परतायची. खोलीत आल्यावर दिवसभर आपण किती थोडे शब्द बोललो ते आठवायचं, आणि तरी एरवीच्या दिवसांपेक्षा ते पुष्कळ असायचे.

मार्चमध्ये सगळे आकडे कार्यालयात दिले. साहेबांनी कागद चाळला आणि गोठ्यामागच्या तीन आकड्यांवर पेन्सिलीनं गोल केला.

"हे काय?"

"सर, तिथं वर्षानुवर्षं शेणखत आणि पाचट पडलंय, नांगर नाही. म्हणून..."

"ते पिकाखालचं क्षेत्र नाही. हे धरलं तर सरासरी बिघडते. काढून टाका."

"सर, ते वेगळं दाखवता येईल. माती तीच आहे, आणि तिथं..."

"तुम्हाला जागा कुणी सांगितली होती? यादीत होती का?"

यादीत नव्हती. मी कंत्राटी होते आणि माझं वर्ष त्याच महिन्यात पुढं चालू व्हायचं होतं. मी जागेवर जाऊन बसले आणि त्या तीन ओळी काढल्या. संगणकावर याला काही वेळ लागत नाही. साहेब वाईट माणूस नव्हते. दुपारी त्यांनी मला चहाला बोलावलं, काम नीट झालंय असंही म्हणाले. मी तो चहा अर्धाच सोडून उठले.

एप्रिलमध्ये शेतकऱ्यांना छापील पत्रकं द्यायची होती. काकांचं मी स्वतः घेऊन गेले. त्यांना जेमतेम वाचता यायचं. बोट फिरवत त्यांनी पत्रक वाचलं. निचरा कमी, चर काढावेत, जिप्सम टाकावं, हिरवळीचं खत घ्यावं, पाणी बेतानं द्यावं. सगळं बरोबर होतं. शेवटाला पोचल्यावर त्यांनी पत्रक उलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"ती जागा न्हाय ह्याच्यात?"

"नाही, काका."

"का?"

मी म्हणू शकले असते की नियमात बसत नाही. ते खरंही होतं. "मी काढली," मी म्हणाले. "साहेबांनी काढायला सांगितली आणि मी काढली."

ते रागावले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले आणि मला रडू आलं. आई गेल्यावर मी लोकांसमोर रडले नव्हते. ते उठले, आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि माझ्यापासून जरा लांब बसले. मी पाणी प्यायले. मग पेन काढून पत्रकाच्या मागच्या बाजूला तिन्ही आकडे लिहिले, शेजारी खालच्या कोपऱ्याचा आकडा लिहिला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'माती एकच.' त्यांनी ते पत्रक घडी करून पेटीत ठेवलं. पेटीत बाईंचं एक लुगडं होतं, त्याच्या खाली.

त्या वर्षी त्यांनी खालच्या कोपऱ्यातला ऊस मोडला. मुलाचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी तिथंच होते. मुलाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. या वयात हे काय नवीन, कुणी डोक्यात घातलं, वगैरे. काका फोन कानापासून लांब धरून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुज्या आईनं सांगितलंय."

त्यांनी जिप्सम टाकलं. ओढ्यापर्यंत चर काढला, निम्मा यंत्रानं आणि उरलेला रोज थोडा थोडा स्वतः खणून. पावसाळ्यात ताग पेरला आणि फुलावर आला तसा गाडला. पाचट जाळायचं बंद केलं. ट्रॅक्टर घालायच्या आधी ते मूठभर माती उचलून दाबायचे, सोडायचे आणि बरेचदा ट्रॅक्टरवाल्याला परत पाठवायचे. तो वैतागून जायचा.

माझं कंत्राट दुसऱ्या वर्षीच्या शेवटी संपलं. करकंबची खोली सोडली. घरमालकिणीनं जिन्यात उभं राहून "पुन्हा या" म्हटलं, आणि मला वाटतं तिनं ते मनापासून म्हटलं. सोलापूरला आले, घराचं कुलूप काढलं. काही महिन्यांनी एका माती परीक्षण प्रयोगशाळेत जागा मिळाली. आता माती पिशवीतून येते, वाळवलेली, कुटलेली, चाळलेली. कुटलेल्या मातीत खार किती, खत किती, सगळं कळतं. तिच्यात पाण्याला वाट होती की नव्हती, हे मात्र कळत नाही. मी पिशवीवरचं गाव वाचते आणि नळीत भरते.

परतीच्या पावसानंतर एका दुपारी काकांचा फोन आला. प्रयोगशाळेत यंत्राचा आवाज होता, मी बाहेर व्हरांड्यात आले.

"पोरी, पानी तीन दिसात उतरलं."

"खालच्या कोपऱ्यातलं?"

"व्हय. म्या रोज काठी लावून बगत हुतो. तिसऱ्या दिसी सरीत पाय ठिवला, तर पाय रुतला न्हाय. माती फुटली बग, भुगा झाला." मग थांबून म्हणाले, "समदं न्हाय झालं. येळ लागंल. कवा येतीस?"

मी म्हणाले, दिवाळी झाली की येते. दिवाळीला रजा मिळाली नाही. मग साथीचा ताप आला, मग आणखी काही. खरं तर आडवं येण्यासारखं काही नव्हतं. सकाळी पिशवी भरायची आणि दुपारी पुन्हा रिकामी करायची. एकटं राहिलं की माणूस आधी दुसऱ्यांकडं जायचं सोडतं आणि मग कुणी येत नाही म्हणून कुढत बसतं. मी फेब्रुवारीत गेले.

वस्तीला कुलूप होतं. शेजारच्या रानातला माणूस ओळखीचा होता, तो बांधावरून आला. काका महिन्यापूर्वी चरात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, मुलगा येऊन पुण्याला घेऊन गेला. रान, उभ्या हरभऱ्यासकट, यानंच वाट्यानं घेतलं होतं.

"खालचा कोपराही घेतला?" मी विचारलं.

"मुद्दाम घेतला. पानी जातंय की आता तितनं. हरभरा बगा."

हरभरा खरोखर चांगला होता, घाटे धरले होते. गोठ्यामागची पट्टी मात्र नांगरलेली होती. शेवगाही नव्हता. "तेवडी वाया चालली हुती जागा," तो म्हणाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं. पण आता नांगर फिरून गेला होता. मी एवढंच म्हणाले, ओल्यात ट्रॅक्टर घालू नका. त्यानं मान हलवली. ती ऐकून घेतल्याची होती की नुसती, मला सांगता येणार नाही.

बांधावर मी थोडा वेळ बसले. तोही आपल्या कामाला गेला. मोजायला काही नव्हतं. घड्याळाकडं हात गेला तेव्हा माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आता आठवड्यातून एकदा काकांशी बोलणं होतं. सून फोन लावून देते. ते मुलाच्या फ्लॅटमध्ये सातव्या मजल्यावर असतात. काठी धरून बाल्कनीपर्यंत चालतात. शेजारपाजारी कुणी मराठी बोलणारं नाही म्हणतात, आणि असलं तरी दारं बंद असतात. परवा म्हणाले, "खाली समदीकडं फरशीच हाय. पाऊस झाला तर ते पानी कुटं जातंय, मला दिसतच न्हाय. तुला ठाव हाय का?"

मी म्हणाले, गटारातून नदीला जात असेल.

"आन जमिनीत?"

"जमिनीत नाही, काका."

फोन चालूच होता, त्यांच्या बाजूनं टीव्हीचा आवाज येत होता. मग त्यांनी जेवण झालं का विचारलं, मी झालं म्हणाले. खरं तर कुकर अजून गॅसवरच होता. पुण्याला सोलापुरातून सकाळची गाडी आहे, दुपारपर्यंत पोचते. येत्या रविवारी येते असं मी त्यांना सांगितलंय. तिकीट अजून काढलेलं नाही.